विहीणबाईंचं चर्विल

विहीणबाईंना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ अडखळते. माझ्या मुलीच्या सासूबाई त्या. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचो, चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं. तरीही त्या लहानपणी कुठे राहत होत्या, कशाला घाबरत होत्या, नवरा गेल्यावर कोणाजवळ रडल्या, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. फार कशाला, ज्या चर्विलसाठी त्यांनी अख्ख्या गल्लीला आणि पोटच्या मुलाला खेळवलं, ते त्यांना स्वतःला आवडायचं का, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझ्यासमोर त्यांनी त्याचं पान कधी तोंडात टाकल्याचं आठवत नाही.

"बाबा, त्यांच्याबद्दल तुम्हीच लिहा. तुमचं त्यांच्याशी जास्त पटायचं," असं मुलगी म्हणाली. पटायचं हे खरं. पण आमचं पटणं म्हणजे दोघांनी दोन दिशांना बघत हसू दाबणं. तेवढ्या भांडवलावर जमेल तसं लिहितो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सोडून द्यावं.

आधी चर्विल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण साठी उलटेपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. कोथिंबिरीची एखादी नाजूक, भित्री चुलत बहीण असावी तसं ते दिसतं. पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक कातरलेली, रंग पोपटी, आणि चव म्हणाल तर शेजारच्या खोलीत कोणीतरी बडीशेपेचा डबा उघडून ठेवला असावा, तेवढीच. ते थंडीतच येतं. ऊन चढलं की रुसतं, ताडकन उंच होतं, पांढरी फुलं काढतं आणि चव सोडून देतं. शिजवलं तर चव उडते, वाळवलं तर नुसतं गवत उरतं. म्हणून ताजं खुडायचं आणि गरम ऑम्लेटवर, उकडलेल्या बटाट्यावर नाहीतर सूपच्या वाटीत अगदी शेवटी वरून टाकायचं.

विहीणबाई एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या निवडायच्या आणि चिरायच्या कामाला होत्या. तिथल्या बड्या आचाऱ्याला ऑम्लेटवर हेच लागायचं. निवृत्त होताना हॉटेलने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ घेऊन त्या घरी आल्या तेव्हा एप्रनच्या खिशात चर्विलचं बी होतं. मागून आणलं की न मागता, हे मी कधी विचारलं नाही. "आणलं," एवढंच त्या म्हणायच्या आणि म्हणताना डावी भुवई किंचित वर जायची.

त्यांचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की समोर आवाराची उंच भिंत आणि मध्ये पलंगाच्या रुंदीची मातीची पट्टी. ऊन तिथे सकाळी डोकावून जायचं, पाहुण्यासारखं. दुसरं काही तिथे आलं नसतं. चर्विलला मात्र नेमकं तेच हवं होतं. थंडीची चाहूल लागली की विहीणबाई माती बोटांनी भुसभुशीत करायच्या, वरून बी भुरभुरायच्या आणि तळहाताने नुसतं थोपटायच्या. मातीत पुरायच्या नाहीत. पहिला वाफा बोटभर वर आला की शेजारी दुसरा पेरायच्या, तो आला की तिसरा. म्हणजे थंडीभर खुडायला कोवळा पाला असायचाच. शेवटच्या वाफ्याला फुलं येऊ द्यायची, दांडे वाळू द्यायचे आणि बी झाडून डब्यात भरायचं. हे झाडायचं काम सरत्या थंडीतल्या एका रविवारी माझ्याकडे आलं. पायरीवर बसून मी दांडे चोळत होतो आणि त्या म्हणत होत्या, "व्याहीबुवा, बी परातीत पडू द्या. अर्धं तुमच्या स्वेटरवर चाललंय."

आता जावयाबद्दल. माझे जावई दात बनवतात. ते डॉक्टर नव्हेत. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे घरी बसून कवळ्या करतात. माणूस सरळ, कामाला चोख, पण जागा नाही. त्यामुळे सगळा कारखाना जेवणाच्या टेबलावर. प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले, आणि ताट मांडायला जागा करायची म्हणजे कोणाचे तरी वरचे दात उचलून खालच्या दातांवर ठेवायचे. माझी मुलगी लग्नानंतर बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून जेवायची. माझी स्वतःची कवळीही जावयाच्याच हातची. सासऱ्याची म्हणून त्यांनी ती जरा जास्तच पांढरी केली आहे.

पुढची थंडी सुरू होताना जावयाने विषय काढला. मी समोरच बसलो होतो.

"आई, मागची पट्टी मी झाकून घेतो. वर पत्रा, खाली फरशी. माझी कामाची खोली होईल."

"आणि चर्विल?"

"आई, तो पाला आहे."

"कवळीही नुसतं प्लास्टिकच असतं."

"कवळी लोकांना लागते. तुझा पाला कोणाला हवाय?"

"गल्लीला हवाय."

"गल्लीला त्याचं नावसुद्धा माहीत नाही." जावयाने हातातला जबडा खाली ठेवला. "बरं, एवढी थंडी जाऊ दे. खरंच लोक विचारत आले तर मी दुसरीकडे सोय बघतो. नाही आले तर थंडी सरताना गवंडी बोलावतो. आहे कबूल?"

"कबूल," विहीणबाई म्हणाल्या. नंतर मागच्या दारात मला म्हणाल्या, "हे बी जुनं झालं की उगवत नाही, व्याही. एक थंडी पेरलं नाही तर संपलं. इथे दुकानात मिळत नाही, आणि हॉटेलातला तो आचारीही गेला कुठेतरी. मग मी काय पेरायचं? दाढा?"

पुढच्याच आठवड्यात त्या रोपं वाटायला निघाल्या. वाफ्यातलं बोटभर रोप चमच्याने उचलायचं, दह्याच्या रिकाम्या डब्यात लावायचं आणि नेऊन द्यायचं. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना दिलं. समोरच्या क्लॅरिनेटवाल्या काकांना दिलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याला दिलं. मला तर दिलंच. आणि देताना वर सूचना: "सावलीत ठेवा, पण अंधारात नको. पाणी द्या, पण चिखल नको. वारा लागू द्या, पण झोत नको. आणि सारखं सारखं बघू नका, बुजतं ते."

माझ्या रोपाने आठवडाही काढला नाही, मान टाकली. मला वाटलं, बघितलं जास्त. खाली मान घालून मी दुसरं मागून आणलं. ते जगलं म्हणेपर्यंत ताडकन उंच वाढलं, दोन फुलं काढली आणि पिवळं पडलं. आयुष्यात माझ्या हातून काही धड झाल्याची मला फारशी आठवण नाही, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण तिसऱ्यांदा मागायची लाज वाटली. म्हणून मी एक युक्ती केली. बाजारातून पाल्यासकट गाजर आणलं, त्याचा शेंडा कापला आणि डब्यातल्या मातीत रोवून खिडकीत ठेवला. लांबून हुबेहूब.

नेमक्या त्याच दुपारी विहीणबाई माझ्या मुलीबरोबर घरी आल्या. खिडकीशी थांबल्या. एक पान चुरडून हुंगलं. मग दोन बोटांनी रोपटं अलगद वर ओढून पाहिलं आणि पुन्हा होतं तसं बसवलं.

"बाबा, तुमचं छान जगलंय की!" मुलगी म्हणाली.

"फारच छान," विहीणबाई म्हणाल्या. "मूळ चांगलं धरलंय. केशरी."

मी पाणी आणायला आत पळालो. दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाती नवं रोप आलं, निरोपासकट: "गाजराला सोबत म्हणून लावा."

इतरांचंही असंच चाललं होतं. शिवणकामवाल्या बाई वाळलेलं रोप पदराखाली झाकून यायच्या, जणू चोरीचा माल. मागच्या दाराकडे जायची वाट जेवणाच्या टेबलावरूनच होती, त्यामुळे जावयाला प्रत्येकजण दिसायचा.

"काय हो, मेलं का?" विहीणबाई विचारायच्या.

"कसं मेलं कळलंच नाही बाई. मशीनचा आवाज होतो ना, त्याने असेल का?"

"असेल. घाबरट जात आहे. हे घ्या दुसरं. आणि थोडा पाला खुडून देते, आज बटाटे उकडा."

न्हावी म्हणायचा त्याच्या पावडरीने मेलं, क्लॅरिनेटवाले म्हणायचे वरच्या सुराने. प्रत्येकाला आपलाच गुन्हा सापडत होता आणि विहीणबाई प्रत्येकाला मोठ्या मनाने माफ करत होत्या. पाला मात्र लोकांना खरंच आवडायला लागला होता. क्लॅरिनेटवाले काका तर म्हणाले की, अंड्यावर हे नसलं तर अंडं उघडं वाटतं.

माझ्याकडे मात्र वेगळंच घडलं. थंडी पडल्यावर मी पेटीतून स्वेटर काढला आणि घालायच्या आधी गॅलरीत झटकला होता. त्याच्या खाली फर्नची कुंडी होती. पुढे फर्नच्या बुडाशी हिरवी लव दिसायला लागली. मी गवत समजून सोडून दिली, फर्नला घालायचो ते पाणी तिलाही मिळायचं. एक दिवस उपटायला म्हणून वाकलो तर शेजारच्या खोलीत बडीशेपेचा डबा उघडला! कुंडी चर्विलने गच्च भरली होती. ज्यांची मी बाळंतिणीसारखी काळजी घेतली ती रोपं मेली, आणि स्वेटरातून सांडलेलं बी वाफ्यासारखं उभं.

मी स्टूल ओढून बसलो आणि आठवायला लागलो. विहीणबाईंच्या पट्टीत एकही रोप इकडचं तिकडे हलवलेलं मी पाहिलं नव्हतं. जिथे बी पडलं तिथेच ते वाढायचं. चमच्याने उचललेली रोपं होती ती फक्त आम्हाला द्यायची. म्हणजे या रोपाला जागा बदललेली सोसत नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी गल्लीभर मरणारी रोपं वाटली होती! चिमूटभर बी दिलं असतं तर सगळ्यांची खिडकी हिरवी झाली असती आणि मग पुन्हा त्यांच्या दारात कोण आलं असतं?

मी एकटाच मोठ्याने हसलो. मग हसू थांबलं. आता हे कोणाला कळता कामा नये. शिवणकामवाल्या बाईंना सुगावा लागला की संपलं, मागे पत्रा चढलाच. मी कुंडी उचलून गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवली, आणि रविवारी जाऊन गरीब चेहऱ्याने म्हणालो, "विहीणबाई, गेलं हो पुन्हा."

"तुमचा हातच जड," त्या म्हणाल्या आणि चमचा घेऊन बाहेर गेल्या.

अशी थंडी सरत आली. एका रविवारी मी पोचलो तर जावई टेबलाशी मशीनवर कवळी घासत होते. क्लॅरिनेटवाले काका आणि शिवणकामवाल्या बाई वाळक्या रोपांसकट आधीच येऊन बसले होते. विहीणबाई चहा गाळत होत्या. गाळताना चहा बशीत सांडला आणि त्यांनी तो पुसला नाही, तेव्हा मला कळलं की आज काहीतरी आहे.

"गवंडी येतोय माप घ्यायला," मुलगी हळूच म्हणाली.

"पण लोक तर येतात!" मी म्हणालो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं.

जावयाने मशीन बंद केलं. "येतात हो बाबा. पण आई चहा देते, गप्पा मारते, म्हणून येतात. मीही आलो असतो. पाला खरंच कोणाला हवाय का, एवढंच मला कळायला हवं. यांना विचारून उपयोग नाही, हे सगळे आईचे पंखे. तुम्ही सांगा. तुम्ही कधी खोटं बोलत नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तर दुकानदारानेसुद्धा एकटक बघितलेलं चालत नाही. विहीणबाई गाळणं हातात धरून उभ्या होत्या. त्यांची भुवई या वेळी वर गेली नव्हती.

"मला हवाय," मी म्हणालो. "रोज हवाय. माझं रोप पुन्हा मेलं. किती दिवसांत एक पान तोंडात गेलेलं नाही, फार अडतं हो." आणि बोलणं खरं वाटावं म्हणून मी हसलोसुद्धा.

तीच चूक. दुसरा कोणी माणसाच्या डोळ्यांत बघतो, माझे जावई दातांत बघतात. त्यांनी चष्मा वर केला.

"बाबा, समोरच्या दातात हे हिरवं काय आहे?"

निघण्यापूर्वी मी ऑम्लेट खाल्लं होतं. मूठभर चर्विल घालून.

टेबलावरचे जबडेसुद्धा ऐकत आहेत असं वाटलं.

"ते ना," विहीणबाई म्हणाल्या, "गेल्या खेपेला मी दिलं होतं खायला, तेच असेल."

"गेल्या रविवारचं?" जावई ताडकन उठले. "बाबा! कवळी रोज काढून घासायची असते, किती वेळा सांगितलं! आठवडाभर पाला अडकलाय म्हणजे काय? हिरड्या सुजतील."

"हो, चुकलंच माझं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"काढा बघू. बसतेय का नीट?"

मी काढली. त्यांनी ती उजेडात धरली, पान चिमट्याने सोडवलं आणि बघत राहिले. ते पान टवटवीत होतं. आठवड्यापूर्वीचं मुळीच नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्या बोळक्याकडे बघितलं, मग आईकडे. पण तेवढ्यात क्लॅरिनेटवाले काका पुढे सरकले.

"विषय निघालाच आहे तर," ते म्हणाले, "माझा हा एक पुढचा हलतोय. फुंकताना शिट्टी येते. बघता का?" आणि त्यांनी आ केला. त्यांच्यामागे शिवणकामवाल्या बाईही आपली दाढ दाखवायला उभ्या राहिल्या.

गवंडी आला तेव्हा जावई काकांच्या तोंडात वाकलेले होते. त्यांनी हातानेच मागे जा अशी खूण केली. गवंडी मागे गेला. विहीणबाईही गेल्या. बराच वेळ कोणी बाहेर आलं नाही. गवंडी बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात माप घ्यायची टेप होती आणि दुसऱ्या हातात दह्याचा डबा.

"माप घेतलंत?" जावयाने विचारलं.

"घेतो की," गवंडी म्हणाला. "आधी हे घरी ठेवून येतो. आजी म्हणतात याला झोत सोसत नाही."

मी कवळी धुवायला स्वयंपाकघरात गेलो. विहीणबाई मागोमाग आल्या आणि नळाशी उभ्या राहून, माझ्याकडे न बघता, विचारायला लागल्या.

"कुठे लावलंत?"

"फर्नच्या कुंडीत. मी नाही लावलं. स्वेटरमधून पडलं."

"म्हणजे बी."

"हो."

"वरच्या बाईंना बोललात?"

"नाही."

"क्लॅरिनेटला?"

"नाही."

"मग ठीक आहे." त्यांनी नळ बंद केला. "ऑम्लेटवर घातलंत ना? आच बंद केल्यावर?"

"आधी घातलं."

"वाया घालवलंत," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळून खांदे हलेपर्यंत हसल्या. मीही हसलो. तोंडात दात नव्हते, त्यामुळे माझा आवाज फार विचित्र आला आणि त्या आणखी हसल्या.

जावयाने पत्रा टाकला नाही. का, ते मला मुलीकडून कळलं. ते तिला म्हणाले, "ज्या माणसाला चहात साखर नाही हे सांगायचं धाडस होत नाही, तो माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला. एका पाल्यासाठी! म्हणजे हवाच असणार." त्यांनी घराची पुढची गॅलरी काचा लावून बंद केली आणि टेबल तिथे गेलं. जाता-येता लोक त्यांच्यासमोर आ करायला लागले, काकांचा नवा दात तर त्यांनीच बनवला. गवंडी पुढच्या आठवड्यात आला, पण टेप न आणता. त्याचंही मेलं होतं. तो म्हणाला, सिमेंटने असेल.

त्यानंतर विहीणबाईंना आणखी दोन थंड्या मिळाल्या. रोपं वाटणं त्यांनी थांबवलं नाही, आणि मी नेणं थांबवलं नाही. माझ्या कुंडीत आता फर्न उरलेलं नाही. थंडी सुरू झाली की मी वरून बी भुरभुरतो आणि तळहाताने थोपटतो. गेल्या थंडीत गवंड्याला चिमूटभर कागदात बांधून दिलं. विहीणबाईंना हे चाललं असतं का, मला सांगता येत नाही.

शेवटचं भेटणं रविवारचंच. त्या जरा दमल्यासारख्या वाटल्या, पण मला त्यात विशेष काही दिसलं नाही. पुढच्या रविवारच्या आत त्या गेल्या. त्या शेवटच्या रविवारी मी रोपाचा डबा घेऊन निघालो होतो. बाहेर पडायचं म्हणजे आता गॅलरीतून, जावयाच्या डोळ्यांसमोरून जावं लागायचं.

"हे तरी जगवा हो," त्या म्हणाल्या.

"बघतो."

"थांबा, व्याहीबुवा. दात बघू."

मी दात दाखवले. त्यांनी चष्मा नाकावर घेऊन नीट पाहिले.

"स्वच्छ आहेत. जा आता."